काकूंच्या ओव्यांची फाईल आणि घरातले सहा कॉम्प्युटर

नाशिकच्या पंचवटीतल्या एका काकूंनी आयुष्यभर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आईच्या, सासूच्या, निफाडकडच्या नणंदेच्या, जिथं ऐकल्या तिथं वहीत उतरवून घेतल्या. त्यांच्या पंचाहत्तरीला घरच्यांनी त्या वह्यांचं पुस्तक करायचं ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. अशोक स्तंभाजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. बावीस वर्षं लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं जुळवते. या पुस्तकाच्या शंभर प्रती छापल्या, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी दोन फायली करून दिल्या, एक पीडीएफ आणि एक ईपब.

रविवारी सकाळी काकूंच्या मुलीनं दोन्ही फायली घरच्या ग्रुपवर टाकल्या. दुपारच्या जेवणापर्यंत मला सहा फोन आले. कुणाची उघडत नव्हती, कुणाच्या पुढ्यात पुस्तकाऐवजी फोल्डर येत होते, कुणाला चौकोन दिसत होते. सगळ्यांचं म्हणणं एकच, “ताई, फाईल खराब आली, परत पाठवा.”

फाईल एकाचीही खराब नव्हती. सगळ्यांकडे अगदी तीच फाईल होती. बहुतेकांच्या मशिनवर ती वाचणारं प्रोग्रॅम वेगळं हवं होतं, एवढंच. एका फोनमध्ये मात्र चूक माझी निघाली, ती शेवटी सांगते. त्या दिवशी फोनवर जे सांगितलं ते इथं नीट लिहून काढते. कारण मराठी पुस्तकं आता मोठ्या संख्येनं अशी फायलींतून फिरतात, आणि ‘उघडत नाही’ म्हणून न वाचता पुसून टाकलेली प्रत्येक फाईल माझ्या मनाला लागते.

आधी फाईल ओळखा

परत मागवण्याआधी, काहीही डाउनलोड करण्याआधी, हातात काय आलंय ते बघा. फाईलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर जी तीन-चार रोमन अक्षरं असतात ती तिची जात सांगतात. विंडोज ती अक्षरं सहसा लपवून ठेवतं. विंडोज १० मध्ये कुठलंही फोल्डर उघडा, वर ‘व्ह्यू’वर जा आणि ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’समोर खूण करा. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग तेच. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ही सोय आहे. एकदा केलं की कायमचं होतं.

हे करायचं आणखी एक कारण आहे, आणि ते मी प्रत्येकाला बजावून सांगते. ‘पुस्तक.पीडीएफ.ईएक्सई’ अशी फाईल, अक्षरं लपलेली असली, की नुसती ‘पुस्तक.पीडीएफ’ दिसते. ती पुस्तक नाही, प्रोग्रॅम आहे. फोनवर तसंच ‘एपीके’चं. पुस्तक कधीही ईएक्सई किंवा एपीके म्हणून येत नाही. आलं तर उघडू नका, लगेच पुसा.

मग आकार बघा. नुसत्या मजकुराचं दोनशे पानी ईपब सहसा एक-दोन एमबीच्या आत असतं. स्कॅन केलेलं पुस्तक पन्नास-ऐंशी एमबीचंही असतं. पण पुस्तक म्हणून आलेली फाईल जेमतेम काही केबीची असेल, तर डाउनलोड अर्धवट राहिलंय किंवा पुस्तकाऐवजी वेबपेजच उतरलंय. गूगल ड्राइव्हची लिंक पाठवताना ‘लिंक असलेल्या कुणालाही’ ही परवानगी द्यायची राहिली की समोरच्याच्या हाती बऱ्याचदा असंच काहीतरी लागतं.

तरीही उलगडा झाला नाही, तर माझी एक जुनी युक्ती आहे. फाईलवर राइट क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. पडदाभर अगम्य चिन्हं येतील, घाबरू नका, फक्त पहिली ओळ वाचा. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि त्याला जोडून रोमनमध्ये ‘पीडीएफ’ दिसलं तर ती पीडीएफ आहे, मग नाव काहीही असो. पहिली दोन अक्षरं ‘पी’ आणि ‘के’ असतील तर ती झिप जातीची फाईल. आणि त्याच ओळीत पुढे ‘ईपीयूबी’ आणि ‘झिप’ हे शब्द जोडून दिसले तर ते नक्की ईपब. पहिल्या दीड ओळीत ‘बुकमोबी’ असं दिसलं तर किंडलकडची, म्हणजे अॅमेझॉनच्या वाचनयंत्राची, मोबी. आणि कोनी कंसात ‘डॉकटाइप एचटीएमएल’ असं दिसलं तर ते वेबपेज, तुमचं पुस्तक अजून सर्व्हरवरच आहे. बघून झालं की काहीही सेव्ह न करता नोटपॅड बंद करा. सेव्ह केलंत तर मात्र चांगली फाईल खरंच बिघडेल.

पीडीएफ आणि ईपब

पीडीएफ म्हणजे भाजून झालेली भाकरी. जशी थापली तशीच राहणार, कुठल्याही ताटात तेवढीच. ईपब म्हणजे मळलेलं पीठ. ज्या तव्यावर जाईल त्या तव्याच्या मापाची भाकरी होते. म्हणून फोनवर पीडीएफ वाचताना पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं आणि ईपबचा मजकूर फोनच्या रुंदीत आपोआप बसतो, अक्षरही हवं तेवढं मोठं होतं. पीडीएफ अॅडोबीनं १९९३ मध्ये आणली आणि २००८ पासून ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं खुलं मानक आहे. त्यामुळे ती उघडायला आज कुठलाही ब्राउझर पुरतो. ईपब २००७ मध्ये आलं, आणि आता त्याचं मानक वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीकडे आहे. ते योग्यच आहे, कारण ईपब म्हणजे आतून छोटी वेबसाइटच असते. मजकुराची पानं, चित्रं, फॉन्ट, सजावटीची फाईल, असं सगळं एका झिपमध्ये बांधलेलं. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

काकांचा विंडोज ७

पहिला फोन खुद्द काकांचा. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. घरी जुना डेस्कटॉप, दोन जीबी रॅम, विंडोज ७. बायकोचं पुस्तक आपल्या पडद्यावर दिसावं, एवढीच त्यांची इच्छा.

अशा मशिनवर पीडीएफसाठी मी सुमात्रा पीडीएफ टाकते. फुकट आहे, छोटं आहे, ३२ बिटवर चालतं, आणि त्याची पोर्टेबल प्रत मिळते, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून थेट चालते. काकांची पीडीएफ दोन सेकंदांत उघडली. भरगच्च पीडीएफ रीडर त्याच मशिनवर मिनिटभर गोल फिरत बसायचा.

ईपबचं काय? नवी ईपब रीडर्स विंडोज ७ वर चालतीलच असं नाही. तिथं वर सांगितलेली गोष्ट वापरली. फाईलची एक प्रत काढायला सांगितली (मूळ फाईलला हात लावायचा नाही, हा माझा नियम), प्रतीच्या नावातलं शेवटचं ‘ईपब’ खोडून तिथं ‘झिप’ लिहायला सांगितलं, आणि मग राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’. एक फोल्डर तयार झालं. त्याच्या आत ‘ओईबीपीएस’ नावाचं फोल्डर, त्याच्या आत ‘टेक्स्ट’, आणि तिथं ओळीनं प्रकरणांच्या फायली. सगळ्या पुस्तकांत ही नावं हीच असतील असं नाही, पण मांडणी साधारण अशीच असते. पहिली फाईल ब्राउझरच्या खिडकीत ओढून सोडली आणि ओव्या दिसायला लागल्या. पान उलटायची सोय नाही, खूणपट्टी नाही, पण मजकूर आहे. ज्या मशिनवर दुसरं काहीच चालत नाही तिथं ही युक्ती चालते. फक्त पुस्तकाला कुलूप नसावं. त्याबद्दल पुढे सांगते.

विंडोज १० आणि ११

दुसरा फोन काकूंच्या सुनेचा, इंदिरानगरहून. लॅपटॉप नवा कोरा. तिची तक्रार होती की आधी ईपब एजमध्ये उघडायची, आता नाही. तिचं खरं होतं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एज ब्राउझरमध्ये ईपब उघडायची, पण २०१९ मध्ये ती सोय काढून टाकली. तेव्हापासून विंडोजमध्ये पीडीएफ एजमध्ये उघडते, ईपबसाठी मात्र घरचं काहीच नाही.

इथं मी थोरियम रीडर सुचवते. फ्रान्समधल्या ईडीआरलॅब या ना-नफा संस्थेनं केलेलं, पूर्ण फुकट, जाहिरात नाही, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. विंडोजवर ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनही घेता येतं. उघडलं की रिकामं कपाट दिसतं. त्यात ईपब ओढून टाकायची, मुखपृष्ठ दिसतं, त्यावर क्लिक करायचं. फाईल थोरियम स्वतःकडे ठेवून घेतं, म्हणून डाउनलोडमधली मूळ प्रत नंतर पुसली तरी पुस्तक जात नाही. मुलांची चित्रमय पुस्तकं, जिथं चित्र आणि मजकूर जागच्या जागी बांधलेले असतात, तीही यात नीट दिसतात.

त्यानंतर फाईलवर डबल क्लिक केलं की थोरियमच उघडावं यासाठी, फाईलवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर अॅप’, थोरियम निवडा आणि ‘ऑलवेज’ दाबा. ही पायरी लोक सोडून देतात आणि पुढच्या वेळी पुन्हा अडतात.

मोबी, एझेडडब्ल्यू३ अशा किंडलकडच्या फायली कॉम्प्युटरवर वाचायच्या असतील तर कॅलिबर घ्या. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर अजूनही सतत सुधारलं जातं. ते फायली उघडतं, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतं, आणि शेकडो पुस्तकांचं कपाट लावून ठेवतं. एक काम मात्र त्याला सांगू नका. मराठी पीडीएफचं ईपब करायला जाऊ नका. ओळी तुटतात, जोडाक्षरं विस्कटतात, पानांचे आकडे मजकुरात घुसतात. ज्यानं पीडीएफ केली त्याच्याकडेच ईपब मागा.

मॅक

पुण्याच्या मुलीच्या मॅकवर तर काही अडायलाच नको होतं. मॅकमध्ये ‘बुक्स’ हे अॅप मुळातच असतं, ते ईपब उघडतं, आणि पीडीएफ ‘प्रिव्ह्यू’मध्ये उघडते. पण तिनं मागे कधीतरी झिप सोडवणारं एक अॅप टाकलं होतं आणि ईपबची गाठ त्याच्याशी पडली होती. त्यामुळे डबल क्लिक केलं की पुस्तकाऐवजी फोल्डर तयार होत होतं. तिनं ते तीनदा केलं आणि डेस्कटॉपवर तीन फोल्डर झाले.

फाईल एकदाच क्लिक करून निवडायची, कमांड आणि आय दाबायचं. माहितीची खिडकी येते. तिथं ‘ओपन विथ’खाली ‘बुक्स’ निवडायचं आणि लगेच खालचं ‘चेंज ऑल’ दाबायचं. पंधरा सेकंदांचं काम. आयक्लाउड चालू असेल तर तेच पुस्तक तिच्या आयफोनवरही येतं.

लिनक्स, फोन आणि किंडल

पुतण्या इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात, उबुंटू हा लिनक्सचा प्रकार वापरतो. त्याच्या ‘डॉक्युमेंट व्ह्यूअर’मध्ये पीडीएफ उघडली, ईपब नाही. त्याला सॉफ्टवेअरच्या दुकानातून फोलिएट घ्यायला सांगितलं. ईपब, मोबी, एझेडडब्ल्यू३ सगळं वाचतं आणि दिसायला फार छान आहे. लिनक्सचा केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांकडे ऑक्युलर असतंच, त्याला ईपबही येतं. पुस्तक उघडल्यावर मात्र त्याला सगळीकडे चौकोन दिसले, कारण त्यानं सिस्टिम टाकताना देवनागरी फॉन्ट घेतलेच नव्हते. लोहित देवनागरी किंवा नोटो सान्स देवनागरी टाकला आणि अक्षरं आली.

फोनवर फारसं काही करावं लागत नाही. आयफोनवर फाईल ‘शेअर’ करून ‘बुक्स’ला द्यायची. अँड्रॉइडवर गूगल प्ले बुक्समध्ये स्वतःची ईपब आणि पीडीएफ चढवता येते. इंटरनेटशिवाय सगळं फोनवरच ठेवायचं असेल तर रीडएरा चांगलं, त्यात मोबी आणि डेजाव्हू (स्कॅन केलेल्या पुस्तकांचा एक प्रकार) याही उघडतात. क्रोमबुकवरही प्ले बुक्सचाच रस्ता.

काकूंचे भाऊ किंडलवर वाचतात. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मोबी करून घ्या. ते जुनं झालं. ‘सेंड टू किंडल’ २०२२ पासून ईपब थेट घेतं, उलट मोबीच आता तिथं चालत नाही. अॅमेझॉनच्या खात्यातून ईपब पाठवायची, थोड्या वेळात यंत्रावर येते.

अक्षरं फुटतात तेव्हा

फाईल उघडते, पण मराठी दिसत नाही. हे दुखणं आपलं खास आहे आणि याचे फोन मला सगळ्यात जास्त येतात. पडद्यावर काय दिसतंय ते नीट सांगितलंत की कारण निम्मं कळतं.

रिकामे चौकोन दिसत असतील तर मशिनवर देवनागरी फॉन्ट नाही. टाकला की झालं.

मात्रा अक्षरापासून सुटून उभी असेल, टिंबांच्या गोलावर वेलांटी लटकत असेल, जोडाक्षरांऐवजी सगळीकडे पाय मोडलेले दिसत असतील, तर फॉन्ट आहे पण ते प्रोग्रॅम देवनागरी जुळवू शकत नाही. फाईलला काही करू नका, प्रोग्रॅम बदला.

आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरं, कंस, डॉलर, उद्गारचिन्हं यांची रांग दिसत असेल, तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, डीव्ही-टीटी योगेश, सुरेख हे आम्ही डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरले. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या समान संकेतात, देवनागरी १९९१ पासून आहे, पण पानं जुळवायच्या पेजमेकर आणि कोरल या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत ती चालत नव्हती, आणि कामं तर रोज द्यायची होती. या जुन्या फॉन्टांत प्रत्यक्षात रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांच्यावर मराठी चेहरा चढवलेला असतो. फॉन्ट नसला की चेहरा गळून पडतो.

२००९ मध्ये हे माझ्या हातून झालं होतं. एका संस्थेची स्मरणिका, रात्रभर जागून केलेली. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवायचा राहिला. माझ्या मशिनवर फॉन्ट होताच, म्हणून मला सगळं नीट दिसत होतं. प्रकाशनाच्या सकाळी पाहुण्यांच्या लॅपटॉपवर ती उघडली आणि अध्यक्षांच्या मनोगतापासून सगळी पानं रोमन चिन्हांनी भरलेली. मी सभागृहाच्या मागे उभी होते. तेव्हापासून पाठवण्याआधी प्रत्येक पीडीएफ अॅडोबी रीडरमध्ये उघडून कंट्रोल आणि डी दाबते, ‘फॉन्ट्स’च्या पानावर जाते, आणि प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेलं आहे का ते वाचते. तुम्हाला आलेल्या पीडीएफमध्येही हे बघता येतं. ते लिहिलेलं नसेल तर पाठवणाऱ्याकडे फॉन्ट आत बसवलेली प्रत मागा. तुमच्याकडून दुसरं काही होण्यासारखं नाही.

बरेच जण यावर उपाय म्हणून सगळा मजकूर ‘कर्व्ह’ करून देतात. छपाईला ते चालतं, वाचनाला नाही. कर्व्ह केलेली अक्षरं ही अक्षरं उरत नाहीत, चित्रं होतात. शोधता येत नाहीत, कॉपी होत नाहीत, मोठी करून ओळ बदलत नाही.

आणि पीडीएफ छान दिसते, पण त्यात ‘जातं’ शोधलं तर सापडत नाही, उतारा कॉपी करून चिकटवला तर रोमन गिचमिड येते? तीही जुन्या फॉन्टचीच खूण. फॉन्ट आत आहे म्हणून दिसतंय, आत मजकूर मात्र रोमनच आहे. तो युनिकोडमध्ये बदलायची कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर मात्र मूळ पानाशी ताडून ओळ न् ओळ वाचा. रफार एक घर पुढे सरकलेला असतो, ‘द्ध’चा ‘ध्द’ झालेला असतो. काकूंच्या निम्म्या ओव्या पूर्वी कुणीतरी अशाच फॉन्टात टाइप केल्या होत्या. त्यात ‘वाऱ्यावर’ या शब्दाचं सगळीकडे ‘वार्यावर’ झालं होतं. य वर रफार चढला की मराठी माणूस तो शब्द वेगळाच उच्चारतो आणि ओवीची लय जाते. यासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबलं की ते येतं, त्याचा पाय मोडून पुढे य लिहिला की ‘ऱ्य’ बरोबर उमटतो. मी सगळ्या जागा हातानं सुधारल्या आणि काकूंकडून एकेक वाचून घेतल्या. चार ठिकाणी त्यांनी मला थांबवलं.

अजून एक बारीक गोष्ट ईपब करणाऱ्यांसाठी. फाईलच्या आत पुस्तकाची भाषा लिहायची जागा असते. तिथं मराठीची ‘एमआर’ ही खूण टाका. बरेच जण तिथं इंग्रजी किंवा हिंदी तशीच ठेवतात. नोटोसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, आणि भाषा मराठी आहे हे कळलं तरच ते बाहेर येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी वापरावा हे राज्य सरकारनं २००९च्या शासननिर्णयात सांगितलेलं आहे. दोन अक्षरांची ही खूण टाकली की काकूंच्या पुस्तकात ‘लेक’ आणि ‘शेत’ तसे दिसतात जसे त्यांनी वहीत लिहिले.

स्कॅन, कुलूपबंद आणि ‘ओपन’ फायली

आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. अशा जुन्या संग्रहांतल्या पुस्तकांची गोडी असलेले वाचक इंटरनेट अर्काइव्हवरून स्कॅन उतरवतात. तिथल्या जुन्या उतरवलेल्या फायलींत कधी डेजाव्हू सापडते. सुमात्रा, ऑक्युलर आणि रीडएरा तिघांनाही ती उघडता येते. स्कॅन म्हणजे पानांचे फोटो. त्यांतून मजकूर काढायचा असेल तर फाईल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, ते मराठी ओळखतं. छपाई फिकी असेल तर चुका भरपूर होतात, वाचून घ्यावंच लागतं. मराठी विकिस्रोतावर हेच काम स्वयंसेवक पानापानाला तपासून करतात, आणि तिथली पुस्तकं थेट ईपब म्हणून उतरवता येतात.

विकत घेतलेल्या पुस्तकाला बहुधा कुलूप असतं. किंडलचं पुस्तक किंडलवर किंवा किंडलच्याच अॅपमध्ये उघडणार. ‘एसीएसएम’ नावाची चिमुकली फाईल आली तर ते पुस्तक नाही, पुस्तक आणायची पावती आहे. अॅडोबी डिजिटल एडिशन्स टाका, अॅडोबीच्या खात्यानं मशिन अधिकृत करा, मग ती फाईल त्यात उघडा, पुस्तक उतरतं. त्याचं नाव बदलून झिप करायचा खटाटोप करू नका, आतला मजकूर कुलपातच असतो.

कधी लेखकाच्या हाती डीटीपीवाल्याची ‘ओपन फाईल’च येते. पेजमेकरची, कोरलची, पब्लिशरची. पेजमेकरची सातवी आवृत्ती शेवटची ठरली, आणि त्या फायली उघडणारी, पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनची शेवटची आवृत्ती म्हणजे सीएस६. लिबरऑफिस ड्रॉ या तिन्ही प्रकारच्या फायली फुकटात उघडून दाखवतं. मांडणी हलते, जुना फॉन्ट नसेल तर अक्षरंही हलतात, पण आत काय आहे ते कळतं. तुमचं पुस्तक कुणाकडे असं पडून असेल तर आजच त्यांच्याकडून फॉन्ट बसवलेली पीडीएफ काढून घ्या. ती मशिनं आता शेवटच्या घटका मोजतायत.

सिडकोतला फोन

सहावा फोन काकूंच्या चुलत दिरांचा, सिडकोतून. निवृत्त शिक्षक, मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्हींनंतर दिसत नाही. कॉम्प्युटर चालवतात ते एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर. तो पडद्यावरचं वाचून दाखवतो, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी येतं. आवाज यंत्राचा आहे, पण सवय झाली की चालतो.

त्यांनी सांगितलं की पीडीएफ उघडली तर ‘रिकामं पान’ असं ऐकू येतं. चूक माझी होती. ग्रुपवर गेलेली पीडीएफ छापखान्यासाठी कर्व्ह केलेली होती. त्यांच्या दृष्टीनं त्यात खरंच एकही अक्षर नव्हतं. त्यांना थोरियममध्ये ईपब उघडायला सांगितलं, आणि संध्याकाळी मी फॉन्ट बसवलेली दुसरी पीडीएफही ग्रुपवर टाकली.

ईपब करताना मी प्रत्येक भागाच्या नावाला खरं शीर्षक म्हणून खूण केलेली असते, नुसतं अक्षर जाड करून सोडत नाही. एनव्हीडीएमध्ये रोमन एच दाबलं की वाचक एका शीर्षकावरून थेट पुढच्यावर जातो. त्यांना हे सांगून मी फोनवरच थांबले. पलीकडून यंत्राचा आवाज ऐकू येत होता: मनोगत, दळण, भाऊराया, पंढरी, माहेर. तिथं त्यांनी बोट उचललं.